फोटो बघावा कसा, सांगावा कसा

भोसरी, आकुर्डी, तळवडे, महाळुंगे, चाकण या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत शॉपफ्लोअरच्या एखाद्या भिंतीवर कायझेनचा, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांचा, बोर्ड असतो. प्रत्येक सुधारणेचा एक कागद आणि त्या कागदावर दोन फोटो: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डाव्या फोटोत तेल गळणाऱ्या जागेभोवती लाल गोल काढलेला असतो, बाण नेमक्या जागी टेकलेला असतो, खाली एका ओळीत अडचण आणि दुसऱ्या ओळीत तिचं कारण लिहिलेलं असतं. काय दिसतं, कुठे दिसतं आणि त्यामुळे काय बिघडतं, या तीन प्रश्नांपलीकडे तो फोटो बघणारा जात नाही, आणि जाण्याची गरजही नसते. फोटो इतक्या बारकाईने वाचायची सवय असलेली माणसं इथे हजारोंनी आहेत. याच पट्ट्यातल्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर कोणी मनापासून काढलेला फोटो टाकला, की त्याखाली मात्र ‘अप्रतिम’, ‘कडक’, ‘एक नंबर’ अशी रांग लागते. एखादा ‘क्षितिज तिरकं आहे’ एवढंच लिहितो आणि पुढे जातो. पहिल्याने बरं वाटतं, दुसऱ्याने मन खट्टू होतं. पुढचा फोटो कसा काढावा, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. माझं म्हणणं असं, की फोटोवर अभिप्राय देणं हे शिकता आणि शिकवता येणारं काम आहे. त्यासाठी लागणारी निम्मी शिस्त या उद्योगनगरीत रोज पाळली जाते आणि उरलेली निम्मी आपण शाळेत मराठीच्या तासाला शिकलेलो आहोत.

आधी कारखान्यातल्या शिस्तीकडे पाहू. जपानमध्ये १९६२ साली काओरू इशिकावा यांच्या प्रयत्नांतून क्वालिटी सर्कलची चळवळ सुरू झाली. भारतात ती १९८० च्या सुमारास हैदराबादजवळ रामचंद्रपुरम इथल्या ‘भेल’च्या कारखान्यातून आली आणि १९८२ साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तेव्हापासून पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांचे छोटे गट एकत्र बसून आपल्याच कामातले दोष शोधतात, ‘व्हाय-व्हाय’ करत, म्हणजे पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारत, मुळाशी जातात आणि उपाय मांडतात. या पद्धतीचं खरं बळ तिच्या भाषेत आहे. ‘जॉब खराब आहे’ असा शेरा तिथे चालत नाही. कुठलं माप, ड्रॉइंगप्रमाणे किती हवं होतं, प्रत्यक्षात किती आलं, हे सांगावं लागतं. दुसरं म्हणजे, बोट माणसाकडे दाखवायचं नसतं. गुणवत्तेचे अभ्यासक डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आयुष्यभर हेच सांगत राहिले, की बहुतेक दोष माणसाच्या हलगर्जीपणातून येत नाहीत, ते व्यवस्थेतून येतात. तिसरं, रिवर्क आणि रिजेक्शन यांतला फरक तिथे सगळ्यांना ठाऊक असतो. जे दुरुस्त होऊ शकतं त्याला कोणी भंगारात टाकत नाही.

ही शिस्त फोटोला लावली तर काय होतं, ते एका उदाहरणावर तपासू. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी निगडीत भक्ती-शक्ती चौकापाशी पिंपरी-चिंचवड शहरात येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. त्या दिवशी शहरातल्या जवळजवळ प्रत्येक हौशी फोटोग्राफरच्या हातात कॅमेरा असतो. असं धरू, की एकाने टाळ वाजवणाऱ्या एका वृद्ध वारकऱ्याचा फोटो काढला आहे. वर ज्येष्ठाचं ढगाळ आभाळ, सभोवती पांढरे सदरे आणि टोप्या. फोटोत सगळं पांढरं थोडं मळकट, राखाडी झालंय, टोपीखालचा चेहरा काळवंडलाय आणि डोक्यामागून एक विजेचा खांब वर आलाय. ‘लाईट नीट नाही’ हा शेरा इथे खरा आहे, पण निरुपयोगी आहे. उपयोगी अभिप्राय असा असेल: “माझी नजर आधी टाळांवर जाते, मग चेहऱ्याकडे वळते आणि तिथे अडते, कारण डोळे दिसत नाहीत. चौकटीत पांढरं जास्त असलं, की कॅमेऱ्याचा मीटर त्या सगळ्याला मध्यम राखाडी समजतो आणि फोटो गडद करतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून बघ. मोबाईल असेल, तर पडद्यावर चेहऱ्याला टिचकी मारून उजेड वर सरकव. आणि दोन पावलं डावीकडे सरकलास, तर खांब डोक्यामागून निघून जाईल.” यात काय दिसलं ते आहे, त्याचा परिणाम आहे, कारण आहे आणि पुढच्या वर्षीच्या वारीत करून बघता येईल असा उपायही आहे. फोटो काढणाऱ्याची लायकी मात्र कुठेच तोलली गेलेली नाही.

पण कारखान्याची शिस्त इथून पुढे आपल्याला फार साथ देत नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जॉबसोबत ड्रॉइंग असतं, मापात किती फरक चालेल हे सांगणारा टॉलरन्स असतो. फोटोसोबत यांतलं काहीच नसतं. चेहरा काळा पडणं हा दोष आहे, की त्या माणसाची केवळ आकृती दाखवायची होती, हे फोटो स्वतः होऊन सांगत नाही. मापं तेवढी घेऊन बसलेला परीक्षक इथे कसा फसतो, याची उदाहरणं जगप्रसिद्ध आहेत. रॉबर्ट फ्रँक यांचं ‘दि अमेरिकन्स’ हे पुस्तक १९५८ साली पॅरिसमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालं, तेव्हा तिथल्या एका नामांकित फोटोग्राफी मासिकातल्या समीक्षकांनी धूसरपणा, दाणेदार छपाई आणि तिरकी क्षितिजं यांवर बोट ठेवून ते झोडपलं. आज ते विसाव्या शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या छायाचित्र-पुस्तकांत गणलं जातं. २००६ साली फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ‘डिलीट मी’ नावाच्या एका गटात कोणीतरी आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ मधला प्रसिद्ध फोटो नाव न सांगता टाकला: वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून सर्रकन निघून जाणारा सायकलस्वार. सदस्यांनी त्यात धूसरपणाचा दोष काढला आणि फोटो बाद करण्याकडे कौल दिला. त्या फोटोत जिना स्थिर आहे म्हणून सायकलचा वेग जाणवतो. तो धूसरपणा काढून टाकला, तर फोटोत सांगण्यासारखं फार थोडं उरतं. त्या सदस्यांची नजर कच्ची नव्हती, धूसरपणा त्यांना अचूक दिसला होता. तो तिथे कशासाठी आहे, हा प्रश्न तेवढा त्यांनी विचारला नाही.

हा प्रश्न विचारायला आपल्याला शाळेने शिकवलेलं आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो. त्यात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशा अंगांनी लिहायचं असतं. कवितेत काय म्हटलंय, ते कसं म्हटलंय आणि त्यासाठी कवीने शब्दांचा कसा वापर केलाय, हे पाहिल्यावरच आवडीनिवडीची पाळी येते. फोटोचं रसग्रहणही असंच करता येतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे जॉन झारकोव्स्की यांनी १९६६ च्या ‘द फोटोग्राफर्स आय’ या पुस्तकात फोटो पाहण्याची पाच अंगं मांडली: प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, वेळ आणि कुठून पाहिलं ती जागा. वारकऱ्याच्या त्या फोटोला हे पाच प्रश्न लावले, तर ‘छान’ या शब्दाच्या पलीकडे बोलायला पुष्कळ सापडतं. टाळ नेमके एकमेकांवर आदळताना टिपलेत, ही वेळ झाली. फोटो उभ्याने काढलाय, त्यामुळे बुटका म्हातारा आणखी खुजा दिसतो. गुडघ्यावर बसून काढला असता, तर तोच माणूस आभाळासमोर ताठ उभा राहिला असता, ही जागा झाली. अशा बोलण्यातून स्तुतीही खरी होते, कारण नेमकं काय जमलं ते फोटोग्राफरला कळतं आणि पुढच्या वेळी तो ते जाणूनबुजून करू शकतो.

यावर पहिला आक्षेप कडक शिस्तीच्या बाजूने येतो. गोडगोड बोलून कोणी घडत नाही, उस्तादाने चार बोल सुनावले तरच शागीर्द तयार होतो, असं आपल्याकडे मानतात. या समजुतीची तपासणी झालेली आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली अभिप्रायावरच्या आधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्यांच्यासमोर ६०७ निष्कर्ष आणि २३,६६३ निरीक्षणं होती. सरासरीने पाहता अभिप्रायामुळे काम सुधारतं, पण एक-तृतीयांशाहून जास्त वेळा ते चक्क बिघडलं होतं. त्यांनी दिलेलं कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे. अभिप्रायाने माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडे, ‘मी कसा आहे’ याकडे वळलं, की त्याचा गुण कमी होत जातो. ‘तुला फोटोग्राफी जमणार नाही’ हे वाक्य त्यामुळेच घातक ठरतं आणि ‘तू जन्मजात कलाकार आहेस’ हेही फारसं कामाचं नाही. दोन्ही वाक्यं माणसाबद्दल आहेत, फोटोबद्दल नाहीत. स्पष्ट बोलण्याला माझा विरोध नाही. वारकऱ्याच्या फोटोवरचा वरचा अभिप्राय पुरेसा स्पष्ट आहे, फक्त त्याचा रोख चौकटीच्या आत आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे आणि तो मला अधिक रास्त वाटतो. तीन पाळ्यांत राबणारा माणूस सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून दुर्गा टेकडीवर सूर्योदय टिपतो. त्यालाही तपासणीच्या टेबलावर का बसवायचं? बसवू नयेच. न मागता दिलेला सल्ला हा आगाऊपणा असतो. म्हणून फोटो टाकणाऱ्याने ‘आनंदासाठी’ की ‘सूचना हव्यात’ एवढे दोन शब्द जोडावेत, आणि बघणाऱ्याने ते पाळावेत. पण ज्याला शिकायचं आहे, त्यालाही आपण सौजन्य म्हणून ‘सुंदर’ एवढंच देत असू, तर ते सौजन्य त्याला कोरडंच ठेवतं. तिसरा आक्षेप संकोचाचा: ‘आम्हाला फोटोग्राफीतलं काय कळतं?’ कारण आणि उपाय सांगायला जाणकार लागतो, हे खरं. पण नजर आधी कुठे गेली, कुठे अडली आणि मनात काय आलं, हे कोणीही सांगू शकतो, आणि फोटो काढणाऱ्याला स्वतःला नेमकं तेच कधी दिसत नाही. त्याला तो प्रसंग, तो वास, तो गलका आठवत असतो. आपल्यासमोर चौकटच असते, म्हणून आपली साक्ष त्याच्या कामाची असते.

या भागातल्या फोटोंबाबत अभिप्रायाची आणखी एक जबाबदारी आहे. आळंदीजवळ इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगल्याचे फोटो गेली काही वर्षं वारंवार दिसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो फेस बर्फासारखा दिसतो आणि फोटोखाली ‘स्वर्ग’सारखे शब्द येतात. तो फेस प्रक्रिया न करता नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा आणि रसायनांचा आहे. फोटो देखणा असूनही त्यातून सत्य निसटत असेल, तर ते सांगणं हा रसग्रहणाचाच भाग आहे: काठावर तीर्थ घेणारा एखादा भाविक किंवा फेस सोडणारा नाला चौकटीत आला असता, तर अर्थ बदलला असता. कामगारांच्या फोटोंचंही तसंच. अनेक कारखान्यांच्या गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, त्यामुळे इथल्या श्रमाचे फोटो बहुतांशी गेटबाहेरचे असतात: पाळी सुटल्यावरच्या बस, टपरीवरचा चहा, एका खोलीत राहणारी मराठवाड्यातली, बिहारमधली, ओडिशातली मुलं. मुंबईच्या सफाई कामगारांवर दीर्घ काळ काम केलेले आणि २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांकडे अशा वेळी जरूर पाहावं. थकलेल्या माणसाचा चेहरा सुरेख उजेडात आलाय एवढं म्हणून थांबण्यापेक्षा, त्या माणसाला विचारलं होतं का आणि तो या फोटोत स्वतःला ओळखेल का, हे विचारायला हवं.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींत होते. आपल्याकडे फोटोग्राफी सुरुवातीच्या काळापासूनच अशी चार जणांच्या सोबतीने, एकमेकांचं काम पाहत वाढली. आज स्पर्धा उदंड आहेत. १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला, गणेशोत्सवात, कंपन्यांच्या वर्धापनदिनाला त्या भरतात. पंच गुण देतात, तिघांना बक्षिसं मिळतात आणि बाकीचे प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या मंडळांनी आणि कंपन्यांनी यात एकच बदल करावा. प्रत्येक प्रवेशिकेला तीन ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा: काय पोचलं, नजर कुठे अडली, पुढच्या वेळी काय करून पाहावं. पंच कमी पडत असतील, तर स्पर्धकांनीच एकमेकांच्या दोन-दोन फोटोंवर लिहावं. कायझेनचा कागद भरणाऱ्या हातांना हे अवघड नाही. त्यातून पुढच्या वर्षी फोटो सुधारतीलच. पण त्याहून मोठा लाभ लिहिणाऱ्याचा होईल, कारण दुसऱ्याच्या चौकटीत तीन ओळींपुरतं तरी थांबून पाहिलेला माणूस स्वतःचा कॅमेरा डोळ्याला लावताना अधिक जाणतेपणाने पाहू लागतो.