आधीचा कॅन्सर, आता मेंदूची गाठ : आशा सोडण्याआधी जुनी फाईल शोधा

“आधीच एक कॅन्सर झालाय, आता डोक्यात गाठ. कशाला पैसे घालायचे?” गडहिंग्लज परिसरात रुग्णांच्या घरी हा प्रश्न ऐकू येतो. त्यामागे गरिबी आहे, तसा गैरसमजही आहे. वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनी तो समजून घ्यायला हवा.

आधी गाठ कुठली ते पाहावे लागते. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरतो, तेव्हा तो जुनाच आजार असतो. मेंदूतच सुरू झालेला ग्लायोब्लास्टोमा हा वेगळा आजार. दोन्हींचे उपचार वेगळे. एमआरआय आणि गाठीचा तुकडा तपासल्यावर फरक कळतो. शेजारच्या निपाणी भागासारख्या तंबाखूच्या पट्ट्यात हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तंबाखूमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरू शकतो.

ग्लायोब्लास्टोमा मुळातच गंभीर आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फक्त रेडिएशन घेणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर जिवंत होते. सोबत टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांपैकी सुमारे २६ टक्के. रुग्णाचे वय, अंगातली ताकद, गाठ किती काढता आली आणि गाठीची जनुकीय ठेवण यांवर बरेच अवलंबून असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी बरा झालेला कॅन्सर आणि आजही अंगात असलेला कॅन्सर एका मापाने मोजता येत नाहीत.

मग जुना आजार आड कुठे येतो? पूर्वी डोक्याला रेडिएशन दिले असेल तर पुन्हा किती देता येईल यावर मर्यादा येते. आधीच्या केमोमुळे रक्तपेशी कमी झाल्या असतील तर नवे औषध झेपत नाही. शिवाय नव्या औषधांच्या अनेक चाचण्यांतून असे रुग्ण वगळले जातात. म्हणजे ज्यांच्यासाठी उत्तर हवे, तेच मोजणीबाहेर राहतात.

म्हणून जुना आजार डॉक्टरांपासून लपवू नका. बायोप्सीचा अहवाल, रेडिएशनचा डोस, केमोच्या औषधांची नावे असलेली फाईल जपून ठेवा. ती नसेल तर पूर्वीच्या रुग्णालयातून प्रत मागा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. उपचार किती घ्यायचे हे रुग्णाने ठरवावे, पण पूर्ण माहिती मिळाल्यावर. ती माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.