जुन्या मोटारीच्या इंजिनाची पुनर्बांधणी आणि कनेक्टिंग रॉड बेअरिंगची निवड : प्रीमिअर पद्मिनीच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स या कंपनीची स्थापना केली. कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मोटार बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिलाच 'प्रीमिअर पद्मिनी' हे नाव मिळाले. उत्पादन थांबल्यानंतरही ही गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून धावत राहिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. तथापि, खाजगी मालकीच्या काही पद्मिनी अद्याप जपल्या जात आहेत. मुरुम-उमरग्यासारख्या, सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या भागात अशी गाडी जपणाऱ्यापुढे एक व्यावहारिक अडचण असते. इंजिन गावातल्या गॅरेजमध्ये उघडता येते. परंतु क्रँकशाफ्ट घासून घेण्यासाठी मोठ्या शहरातील कारखान्याकडे पाठवावा लागतो. या दोन ठिकाणांच्या दरम्यान बेअरिंगची खरेदी केव्हा आणि कशाच्या आधारे करावयाची, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बेअरिंगचे कार्य :
पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. व दट्ट्याची धाव ७५ मि.मी. ही मापे फियाटच्या १९३७ च्या ११०० मोटारीपासून चालत आलेली आहेत. मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या गतीने इंजिन फिरते तेव्हा दट्ट्या मिनिटाला ८००० वेळा दिशा बदलतो आणि धावेच्या वरच्या टोकाशी त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ८०० पट असते. हा सर्व भार कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातून क्रँकशाफ्टच्या पिनवर येतो. रॉड आणि पिन यांच्यामध्ये अर्धगोल आकाराच्या दोन पातळ पट्ट्या असतात, त्यांनाच शेल बेअरिंग म्हणतात. चार रॉडना अशा आठ पट्ट्या लागतात.

चालू इंजिनात पिन शेलला प्रत्यक्ष टेकत नाही, ती तेलावर तरंगते. १८८३ मध्ये ब्यूशाँ टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना तेलासाठी पाडलेल्या छिद्रात लाकडी गुडदी ठोकली, तेव्हा आतील तेलाच्या दाबाने ती बाहेर ढकलली गेली. फिरणारा दंड स्वतःच तेल ओढून त्याची पाचर तयार करतो, हे त्यातून लक्षात आले आणि १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. ही पाचर तयार होण्यासाठी पिन व शेल यांच्यात मोजकीच फट असावी लागते. पिनच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांश, म्हणजे ५० मि.मी. व्यासाच्या पिनला साधारण ०.०५ मि.मी., असा ठोकताळा आहे. माणसाचा केस याहून बहुधा जाड भरतो. नेमकी मर्यादा अर्थातच त्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावी. फट कमी पडल्यास तेलाचा थर तुटून शेल वितळते. फट वाढल्यास कडेने निसटणारे तेल तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, आणि एका सैल बेअरिंगमुळे इतर बेअरिंगही तेलावाचून राहतात.

माप आणि निवड :
दुकानात शेल 'स्टँडर्ड', 'दहा', 'वीस', 'तीस' अशा क्रमांकांनी मिळतात. हे आकडे इंचाच्या हजारांशात आहेत; दहा म्हणजे ०.२५४ मि.मी., वीस म्हणजे ०.५०८ मि.मी. यांना 'अंडरसाइझ' म्हणण्याची रूढी आहे आणि निम्मा गोंधळ या शब्दाचाच आहे. लहान झालेली असते ती पिन. शेल उलट जाड असते. दहा क्रमांकाच्या जोडीतील प्रत्येक शेल मूळ जाडीपेक्षा ०.१२७ मि.मी. अधिक जाड असते. हा क्रमांक मोटारीच्या नावावरून किंवा वर्षावरून ठरत नाही. पूर्वी एकदा क्रँक घासला गेला असेल तर एकाच वर्षाच्या दोन पद्मिनींना वेगवेगळी शेल लागतात.

हिशोबापुरते एक उदाहरण घेऊ. मूळ पिन ५०.०० मि.मी. व फट ०.०५ मि.मी. आहे. झिजून पिन ४९.९३ मि.मी. उरली आणि तिला नवी स्टँडर्ड शेल बसवली, तर फट ०.१२ मि.मी. होईल. नव्या शेलसह इंजिन पुन्हा 'ठोकू' लागते ते यामुळे. याउलट, पिन न घासता दहा क्रमांकाची शेल आणली तर शेलचे आतील माप ४९.७९६ मि.मी. भरेल, म्हणजे पिनपेक्षा ०.१३४ मि.मी. लहान, क्रँक फिरणारच नाही. पिन ४९.७४६ मि.मी. पर्यंत घासली, तरच दहा क्रमांकाच्या शेलसह मूळची ०.०५ मि.मी. फट परत मिळते.

म्हणून प्रत्येक पिन मायक्रोमीटरने किमान दोन ठिकाणी आणि काटकोनातील दोन दिशांनी मोजणे अगत्याचे आहे. पिन एका बाजूने अधिक झिजून अंडाकृती होते; एकच माप घेतल्यास हा दोष दिसत नाही. सर्वांत खराब पिन ज्या क्रमांकात स्वच्छ गोल होईल, त्या क्रमांकाला चारही पिना घासतात. शेल आधी विकत घेऊन त्या मापाला क्रँक घासायला सांगणे ही प्रथा सोयीची वाटते, पण त्यात गरजेपेक्षा अधिक धातू कापला जाण्याचा धोका आहे, आणि कापलेला धातू परत येत नाही. आधी तपासून क्रमांक निश्चित करावा, त्या क्रमांकाची शेल उपलब्ध असल्याची खात्री करावी आणि मगच घासाई करावी. घासताना पिनच्या दोन्ही कडांची गोलाई कायम राहिली पाहिजे. तेथे धारदार कोपरा राहिला तर क्रँकला तडा जातो. शेलची कड त्या गोलाईवर चढत नाही ना, हेही पाहावे लागते.

शेलच्या धातूचाही विचार हवा. कथिलप्रधान मऊ मिश्रधातू (आयझॅक बॅबिट, १८३९) धुळीचा कण पोटात घेतो आणि पिन वाचवतो. तांबे-शिशाची शेल अधिक भार सोसते. पण मऊ पोलादाच्या पिनला ती झिजवू शकते. 'मजबूत' म्हणून विकले जाणारे शेल जुन्या क्रँकला योग्य असेलच असे नाही.

जुनी सवय, नवे बेअरिंग :
फोर्डच्या मॉडेल ए सारख्या जुन्या मोटारींत बेअरिंगचा धातू थेट रॉडमध्येच ओतलेला असे व टोपीखाली पातळ पत्रे ठेवलेले असत. झीज झाली की पत्रा काढायचा, टोपी आवळायची. शेवरोलेच्या सहा सिलिंडर इंजिनांत ओतीव बेअरिंग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होते. त्या काळाच्या कारागिरांचे कौशल्य खरोखर मोठे होते. परंतु त्याच हाताने शेल बेअरिंगच्या रॉडची टोपी कानशीने घासली, की रॉडचे भोक कायमचे अंडाकृती होते. शेलच्या कडा रॉडच्या सांध्यापेक्षा किंचित उंच ठेवलेल्या असतात. टोपी आवळल्यावर त्या दाबल्या जाऊन शेल रॉडला घट्ट चिकटते आणि उष्णता बाहेर जाते. ती उंची 'जास्त झाली' असे समजून घासू नये. शेलच्या पाठीमागे कागद किंवा पत्रा घालणे तर त्याहून घातक, कारण उष्णतेची वाटच बंद होते.

जोडणीत रॉड व टोपीचे क्रमांक जुळले पाहिजेत. एकीची टोपी दुसरीला चालत नाही. शेलवरील जीभ तिच्या खाचेत आणि तेलाचे छिद्र रॉडच्या छिद्रासमोर (असल्यास) यावे. रॉडचे भोक टोपी टॉर्क पान्याने पूर्ण आवळूनच मोजावे. शेवटची खात्री प्लास्टिगेजच्या मेणचट धाग्याने करता येते; धागा पिनवर ठेवून टोपी आवळायची, क्रँक न फिरवता उघडायची आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर ताडून फट वाचायची. चारही पिनांची ही मापे तारखेसह लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवल्यास पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्याला हा क्रँक आणखी किती क्रमांक घासता येईल हे कळते. शेवटच्या क्रमांकापर्यंत घासलेल्या क्रँकला मात्र दोनच वाटा उरतात : पिनवर धातू चढवून ती पुन्हा मूळ मापाला घासणे, किंवा भंगारातील दुसऱ्या पद्मिनीचा क्रँक शोधणे, आणि तोही आधी मोजूनच घ्यावा लागतो.