पन्नास वेळा रंगवलेली प्रार्थना

'दास फाटर उन्झर' हा जर्मन चित्रकार माक्स पेखश्टाइनचा वुडकटचा, म्हणजे लाकडी ठशांच्या चित्रांचा, संच 1921 साली बर्लिनच्या प्रोप्युलेन प्रकाशनाने काढला. प्रती 250. त्यांतल्या पहिल्या 50 हाताने रंगवलेल्या, उरलेल्या 200 नुसत्या काळ्या-पांढऱ्या. प्रत्येक संचात 12 चित्रं, म्हणजे कुंचला फिरला तो एकूण 600 कागदांवरून. विषय येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेचा. वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) ख्रिस्ती घरात ती आजही म्हटली जाते.

पेखश्टाइन 1881 साली त्स्विकाऊ या गावात, गिरणी कामगाराच्या घरी जन्मला. भिंती सजवणाऱ्या रंगाऱ्याकडे उमेदवारी करून तो ड्रेस्डेनला कलाशिक्षणासाठी गेला आणि 1906 मध्ये 'ब्र्युके' या अभिव्यक्तिवादी गटात सामील झाला. गटाच्या संस्थापकांनी शिक्षण घेतलं होतं वास्तुकलेचं. पेखश्टाइनचं चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालेलं होतं. लाकूड कोरायची ओढ मात्र सगळ्यांना सारखीच होती. 1914 मध्ये तो पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर गेला. तिथे महायुद्धाने त्याला गाठलं. जपान्यांनी बेटं घेतली, हा कैदेत पडला. सुटून जर्मनीला पोहोचला तर सैन्यात भरती होऊन पश्चिम आघाडीवर जावं लागलं.

हे ठाऊक असलं की 1921 च्या बर्लिनमध्ये या माणसाने प्रार्थनाच का कोरायला घेतली, ते उमगतं. रोजची भाकर आणि अपराधांची क्षमा ही त्या प्रार्थनेतली मागणी हरलेल्या, महागाईने पिचलेल्या देशात अगदी रोकडी होती. चित्रांतली माणसंही तशीच आहेत: जाडजूड काळ्या रेषांची, टोकदार चेहऱ्यांची, कष्टकरी.

वुडकटमध्ये फळीचा जो भाग पांढरा हवा तो कोरून काढतात. उरलेल्या उंच भागावर शाईचा रोलर फिरवून कागद दाबला की ठसा उठतो. पेखश्टाइनने चित्रासोबत प्रार्थनेचे शब्दही फळीतच कोरले. छाप उलटा उठतो, म्हणून अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी कोरावी लागतात. चुकून उडालेला ढलपा परत बसत नाही. ती अक्षरं ओबडधोबड आहेत, चित्राला अगदी चिकटून आहेत, आणि मला ती चित्रांइतकीच मोलाची वाटतात.

रंग छापायचा तर प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी करता येते. ब्र्युकेतल्या चित्रकारांनी तसं केलंही होतं. इथे वाट जुनी धरली. पंधराव्या शतकात जर्मन मुलखात संतांची ठशांची चित्रं छापून हाताने रंगवत. बुक्सहाइमच्या मठातलं 1423 सालचं संत ख्रिस्तोफरचं चित्र त्यातलंच. ते आता मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. मोठ्या चित्रांची ऐपत नसलेल्या भाविकांपर्यंतही असे कागद पोहोचत.

हातरंगाईची खरी गंमत दोन प्रती शेजारी ठेवल्यावर कळते. फळी तीच, काळी रेघ तीच. पण जलरंग दर वेळी तसाच बसत नाही. कुठे तो रेघेच्या आत थांबतो, कुठे ओलांडतो, कुठे दाट होतो. छापखान्याने एकसारखं केलेलं हाताने पुन्हा वेगवेगळं केलं. तीच ओळ पन्नास वेळा रंगवणं मला जपासारखं वाटतं. शब्द बदलत नाही, म्हणणारा दर खेपेला थोडा बदलतो. बाजारात या 50 प्रतींना मोल येतं ते दुर्मीळ म्हणून. मला विचाराल तर त्या 200 असत्या आणि काळ्या 50, तरी मी रंगीतच पाहायला गेलो असतो.

पुढे नाझींनी पेखश्टाइनच्या 326 कलाकृती संग्रहालयांतून जप्त केल्या आणि त्याला कला अकादमीतून काढलं. 1955 मध्ये बर्लिनमध्येच तो वारला.

असे संच फोडून एकेक कागद विकण्याची रीत मला पटत नाही. या संचात तर ते चित्राच्या अर्थावरच उठतं. क्षमेची मागणी पेखश्टाइनने दोन कागदांत विभागली आहे. एका कागदावर आमचे अपराध माफ कर, अशी विनवणी आहे. आम्हीही आमच्या अपराध्यांना माफ करतो, हे पुढच्या कागदावर. पहिला कागद एकटा विकत घेऊन भिंतीवर लावणाऱ्याकडे फक्त मागणं उरतं. त्यासोबत द्यायचं वचन दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेलं असतं.