मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र थीमची रचना : खानदेशातील शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात काही आव्हाने

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे महाविद्यालयाचे ग्रंथालय, अध्यापन आणि प्रशासन ही तिन्ही अंगे संगणकाच्या पडद्यावर आली आहेत. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या जळगाव येथील विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. या परिसरातील ग्रामीण व निमशहरी संस्थांजवळ तंत्रज्ञानावर खर्च करण्यासाठी निधी मर्यादित असतो. त्यामुळे परवाना शुल्क न आकारणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यांना सोयीचे ठरते. संकेतस्थळासाठी वर्डप्रेस, अध्यापनासाठी मूडल, ग्रंथालयासाठी कोहा आणि शोधनिबंधांच्या संग्रहासाठी डीस्पेस ही त्याची परिचित उदाहरणे होत.

सॉफ्टवेअर विनामूल्य मिळाले, तरी त्याला संस्थेचे स्वतःचे रूप देणारी थीम मात्र तयार करून घ्यावी लागते. हे काम केवळ सजावटीचे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मराठी मजकूर नीट वाचता येणे आणि सॉफ्टवेअर दीर्घकाळ सुरक्षित राहणे या दोन्ही गोष्टी थीमवर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या दोन बाजूंचा विचार केला आहे.

थीम म्हणजे काय?

सॉफ्टवेअरमधील माहिती आणि तिचे दृश्य रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हे थीममागील मूळ तत्त्व आहे. माहिती साठवणे, शोधणे व तपासणे हे काम मूळ आज्ञावली करते. ती माहिती कोणत्या रंगात, कोणत्या टंकात व कोणत्या मांडणीत दिसावी हे थीम ठरवते. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २००३ साली प्रसिद्ध झाली आणि २००५ च्या १.५ या आवृत्तीपासून तिच्यात थीमची व्यवस्था आली. त्यामुळे मजकुराला धक्का न लावता संकेतस्थळाचे रूप बदलणे सुलभ झाले. मात्र बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचल्या जातात. मराठी संस्थेच्या अडचणींना तेथूनच प्रारंभ होतो.

देवनागरी लिपीसंबंधी आव्हाने

पहिली अडचण शिरोरेषेची आहे. इंग्रजी मथळा उठावदार दिसावा म्हणून रचनाकार अक्षरांमधील अंतर वाढवतात. तोच नियम देवनागरीला लागू झाला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. इंग्रजीत मथळे मोठ्या लिपीत दाखवून त्यांना महत्त्व दिले जाते. देवनागरीत लहान व मोठी लिपी असा भेदच नसल्याने ती सूचना निष्फळ ठरते आणि मथळा व मजकूर यांतील फरक नाहीसा होतो. तिरप्या अक्षरांचेही तसेच आहे. बहुसंख्य देवनागरी टंकांत स्वतंत्र तिरपे वळण नसते, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरच कृत्रिमरीत्या कलते करतो.

दुसरी अडचण उंचीची आहे. देवनागरीत मात्रा, रफार व अनुस्वार अक्षराच्या वर, तर उकार व ऋकार खाली येतात. रोमन अक्षरांच्या मापाने ओळींची उंची बांधून दिली तर वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो. विशेषतः बटणे व मेनू यांची उंची ठरावीक असल्याने तेथे हा दोष चटकन दिसतो.

तिसरी अडचण टंकाची आहे. थीममध्ये नेमलेल्या टंकात देवनागरी अक्षरे नसतील, तर वाचकाच्या यंत्रात जो टंक उपलब्ध असेल तो वापरला जातो. त्यामुळे जळगावच्या कार्यालयात नीटनेटके दिसणारे पान नशिराबादच्या एखाद्या विद्यार्थिनीला तिच्या मोबाइलवर वेगळेच दिसू शकते. मराठीत तर टंकाच्या दोषाने अर्थही बदलू शकतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांतील भेद केवळ रकाराच्या रूपाने कळतो. पहिला शब्द गुरूंविषयी आहे, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांविषयी. तसेच ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत स्थान मिळालेला 'ॲ' हा स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधीच्या टंकात तो सापडत नाही. उलटपक्षी, संपूर्ण जोडाक्षरे असलेला टंक पानासोबत पाठवला तर त्याचा भार रोमन टंकापेक्षा बराच अधिक होतो आणि मंद जोडणीवर पान उशिरा उघडते. सुवाच्यता आणि वेग यांचा मेळ रचनाकाराला घालावा लागतो.

चौथी अडचण भाषाखुणेची आहे. पान कोणत्या भाषेत आहे, हे सांगणारी एक छोटी खूण त्याच्या आरंभी असते. काही टंकांत मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. देठाचा 'श' आणि पाकळीदार 'ल' दाखवायचा की नाही, हे या खुणेवरून ठरते. थीममध्ये ती खूण इंग्रजी म्हणून कायमची लिहिलेली असेल, तर मराठी वळण मिळत नाही. याशिवाय दृष्टिहीन वाचकांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचू लागते. अहिराणीला 'एएचआर' ही स्वतंत्र आंतरराष्ट्रीय भाषाखूण आहे. खानदेशातील लोकसाहित्याचा संग्रह करणाऱ्या संस्थेने तिचाही विचार करणे अगत्याचे आहे.

रंगांच्या बाबतीतही विवेक आवश्यक आहे. २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगमता निकषांनुसार सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फिकट केशरी अक्षरे संस्थेच्या बोधचिन्हाशी जुळतात, परंतु या निकषात बसत नाहीत.

देखभालीचे आव्हान

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सतत बदलत असते. २०१० साली आलेल्या मूडलच्या २.० या आवृत्तीत थीमची व्यवस्था नव्याने रचली गेली आणि जुन्या थीम जशाच्या तशा चालेनाशा झाल्या. २०२१ साली डीस्पेसच्या ७.० या आवृत्तीत पूर्वीचे दोन्ही दृश्यस्तर वगळून नवीन दृश्यस्तर आणला गेला. पूर्वीच्या स्तरांवर बेतलेल्या थीम अर्थातच तेथे निरुपयोगी ठरल्या.

थीम बाहेरच्या व्यावसायिकाकडून एकदाच करून घेतली आणि त्याने मूळ धारिकांतच फेरफार केले, तर संस्थेपुढे पेच उभा राहतो. थीमची सुधारित आवृत्ती बसवली की केलेले फेरफार पुसले जातात. रूप टिकावे म्हणून सुधारणा टाळल्या, तर सुरक्षेतील ज्ञात त्रुटी तशाच राहतात. प्रवेश, शुल्क व निकाल यांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थेला हा धोका परवडणारा नाही.

उपाययोजना

यावर सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे कमीत कमी बदल करणे. वर्डप्रेसमध्ये मूळ थीमला हात न लावता 'चाइल्ड थीम' म्हणजे उपथीम करता येते. तिच्यात केवळ संस्थेचे बदल असतात, म्हणून मूळ थीम निर्धोकपणे अद्ययावत होऊ शकते. मूडलमध्ये २०१६ पासून उपलब्ध असलेल्या 'बूस्ट' थीमचा असाच आधार घेता येतो. कोहामध्ये वाचकांच्या तालिकेचे रूप बदलण्यासाठी शैलीचे नियम लिहिण्याची जागा प्रणालीच्या पसंतींतच दिलेली आहे.

टंकासाठी 'मुक्ता'सारखे मुक्त परवान्याचे देवनागरी टंक निवडावेत, म्हणजे वितरणाचा कायदेशीर प्रश्न उद्भवत नाही. थीम स्वीकारण्यापूर्वी 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'सर्वांगीण', 'हृदय', 'ॲप' अशा शब्दांचे एक चाचणी-पान साध्या मोबाइलवर उघडून पाहावे. प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवावी आणि ती व्यावसायिकाकडे न राहता संस्थेकडे राहील, अशी अट करारात घालावी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून या देखभालीत सहभागी करून घेतल्यास संस्थेची गरज भागेल व त्यांना अनुभवही मिळेल.

समारोप

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बदलण्याचे स्वातंत्र्य देते, परंतु केलेल्या प्रत्येक बदलाचा सांभाळ बदल करणाऱ्यालाच करावा लागतो. म्हणून थीमचे मूल्यमापन ती उद्घाटनाच्या दिवशी किती आकर्षक दिसते यावरून करू नये. पुढच्या दोन-तीन आवृत्त्यांनंतरही ती चालते का, आणि खेड्यातील वाचकाला साध्या मोबाइलवर मराठी अक्षर अखंड दिसते का, हे दोन प्रश्न संस्थेने थीम मागवतानाच विचारले पाहिजेत.