आकाशाकडे पाहणारा माणूस

गोव्यातील आणि बेळगावकडील कितीतरी घरांतून आज कोणी ना कोणी विमानाने परदेशी जात-येत असतो. विमान किती उंच उडते, किती वेगाने जाते, याच्या गोष्टी घरोघरी चालतात. परंतु ते उतरू लागले म्हणजे खाली ढग किती आहेत, धुके किती दाट आहे, हे वैमानिकास कोण सांगतो, याचा विचार प्रवासी क्वचितच करतो. हे सांगणारा पूर्वी सर्वत्र माणूसच असे. अमेरिकेत १९९१ पासून त्याच्या जागी हळूहळू यंत्र आले, आणि त्यावरून तेथे जो वाद उत्पन्न झाला तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

या माणसाचे काम वरवर पाहता सोपे वाटते. दर तासाला त्याने बाहेर यावे, चहूकडे पाहावे आणि लिहावे. प्रत्यक्षात त्यास मोठी साधना लागते. विमानतळाच्या सभोवती कोणती टेकडी किती मैलांवर आहे, कोणता मनोरा कोणत्या दिशेस आहे, रात्री कोणता दिवा कोठे लागतो, हे त्यास तोंडपाठ असावे लागते. दोन मैलांवरची टाकी दिसते आहे आणि तीन मैलांवरचा मनोरा दिसेनासा झाला आहे, यावरून तो दृश्यमानता ठरवितो. तीही एकाच दिशेची नव्हे, तर क्षितिजाच्या निदान अर्ध्या भागात जेथवर दिसते तेवढी. आकाशाचे मनाने आठ भाग करून त्यांपैकी किती भाग ढगांनी झाकले हे तो सांगतो. ढगांची उंची काढण्यासाठी पूर्वी ठराविक गतीने चढणारा फुगा सोडीत आणि तो ढगात शिरेपर्यंतची मिनिटे मोजीत. रात्री दिव्याचा झोत सरळ वर सोडून त्याचा ठिपका ढगावर कोठे पडतो त्याचा कोन घेत. काळोखात बाहेर आल्यावर डोळे अंधारास सरावेपर्यंत काही वेळ थांबावे, असाही त्यांचा शिरस्ता असे.

अमेरिकेच्या हवामान खात्याने, तेथील विमान वाहतूक प्रशासनाने आणि संरक्षण खात्याने मिळून जी स्वयंचलित यंत्रणा उभारली, तिची केंद्रे आज नऊशेच्या वर आहेत. तिला झोप नाही, कंटाळा नाही, सणवार नाही. ती मिनिटामिनिटास मोजते. ज्या लहान धावपट्ट्यांवर पूर्वी रात्री कोणीच नसे, तेथेही आता वैमानिकास वारा, तपमान आणि हवेचा दाब कळतो, आणि या तीन गोष्टींत यंत्र माणसाच्या मुळीच मागे नाही. हे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

अडचण येते ती पाहण्यात. ढग मोजणारे यंत्र लेसर किरण सरळ डोक्यावर सोडते. बरोबर वर जे आहे तेवढेच त्यास दिसते. बाजूस काय दाटले आहे याची त्यास वार्ता नसते. मग सबंध आकाशाचा अंदाज ते कसा बांधते? गेल्या अर्ध्या तासात डोक्यावरून जे जे गेले त्याचा हिशेब करून, आणि त्यातही शेवटच्या दहा मिनिटांना दुप्पट वजन देऊन. ढग वाऱ्याबरोबर सरकत राहिले तर हा हिशेब बहुधा जुळतो. परंतु वारा पडला, आणि एकच ढग यंत्रावर ठाण मांडून बसला, तर यंत्र सारे आकाश झाकोळले म्हणते; चारी बाजूंनी ढग असून मधली फट यंत्रावर आली, तर तेच यंत्र आकाश निरभ्र असल्याचे कळविते. शिवाय मूळच्या यंत्राची नजर बारा हजार फुटांवर संपते. एकाएकी दाट ढगांचा थर आला तर ‘विरळ ढग’ म्हणावयास त्यास सुमारे दोन मिनिटे लागतात, आणि आकाश बरेचसे भरून आले असे कबूल करावयास दहा. उतरावयास निघालेल्या विमानास दहा मिनिटे म्हणजे थोडी नव्हेत.

दृश्यमानतेची कथा याहून विलक्षण आहे. तेथे एक दिवा चमकतो आणि त्याचा प्रकाश हवेतील कणांवरून किती विखुरतो ते मोजले जाते. हवा किती तपासली जाते म्हणाल, तर पाऊण घनफूट, म्हणजे आपल्या पाण्याच्या दोन घागरींत मावेल एवढी. तेवढ्यावरून यंत्र दहा मैलांपर्यंतचे अनुमान बांधते! धावपट्टीच्या एका टोकाशी धुके आणि दुसऱ्या टोकाशी लख्ख ऊन, असे पहाटे वारंवार घडते. अशा वेळी यंत्राचा खांब ज्या टोकाशी उभा, त्याच टोकाचे सत्य वैमानिकाच्या कानी जाते. भिंगापुढे कोळ्याने जाळे विणले तर तेही धुक्यात जमा होऊ शकते. दिल्लीस धुक्याच्या दिवसांत विमाने उतरविताना एका मापावर भिस्त ठेवीत नाहीत. धावपट्टीचा आरंभ, मध्य आणि शेवट अशा जागी निरनिराळी मापे घेतात, आणि त्यासाठी बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘दृष्टी’ नावाचे यंत्रही बनविले आहे.

थंड देशांत एक पाऊस असा असतो की पडताना तो पाणी असतो आणि विमानाच्या पंखास लागताच बर्फ होतो. तो ओळखण्यासाठी सेकंदास चाळीस हजार वेळा कंप पावणारी एक धातूची कांडी यंत्रात बसविली आहे. तिच्यावर बर्फ धरला की तिचा कंप मंदावतो. ही युक्ती खरोखर कौतुकास्पद आहे. तथापि गारा, चक्रीवादळाची सोंड किंवा ज्वालामुखीची राख ही या यंत्रणेस ओळखता येत नाहीत. ती माणसानेच वृत्तांतात भरावी लागतात.

यंत्रणेच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की ती लबाडी करीत नाही. माणसाचा हात न लागलेल्या वृत्तांतात ‘ऑटो’ हा शब्द असतो. विजेचा वेध घेणारे किंवा पाऊस ओळखणारे उपकरण बंद असेल तर तशी खूण उमटते. यंत्राला दुरुस्तीची गरज भासली म्हणजे ते वृत्तांताच्या शेवटी डॉलरचे चिन्ह काढते. (पैशाची मागणी इतक्या सरळपणे करणारा नोकर विरळाच!)

वादाचे मूळही पैशातच आहे. मोठ्या विमानतळांवर यंत्राच्या जोडीला कंत्राटी निरीक्षक ठेवलेले होते. ते यंत्राचे आकडे तपासत, चुकलेले दुरुस्त करीत, राहिलेले भरीत. २०१६ च्या सुमारास ५७ विमानतळांवरील हे निरीक्षक कमी करून त्यांचे काम मनोऱ्यातील वाहतूक नियंत्रकांकडे द्यावे, असा प्रशासनाचा बेत होता. ज्याने विमानांच्या रांगा सांभाळावयाच्या त्यानेच ढगही पाहावेत! वादळाच्या वेळी, म्हणजे नेमके जेव्हा आकाशाकडे नीट पाहणे अगत्याचे, तेव्हाच नियंत्रकाची मान वर करावयास सवड नसते. अमेरिकेच्या काँग्रेसने २०१८ च्या कायद्याने २०२३ पर्यंत या कपातीस मनाई केली. आमच्या मते ती मनाई रास्त होती.

माणूस चुकत नाही असे मात्र कोणी समजू नये. दोन निरीक्षक एकाच आकाशाचे दोन अंदाज देतात. पहाटेच्या पाळीत डोळे जडावतात. कडाक्याच्या थंडीत बाहेर न जाता खिडकीतून पाहण्याचा मोह कोणासही व्हावा. म्हणून यंत्र काढून टाका असे कोणी म्हणत नाही. वाद आहे तो यंत्राशेजारी माणूस ठेवावा की नाही एवढाच.

या प्रश्नाची खरी झळ पोहोचते ती अलास्कास. तेथील बहुसंख्य खेड्यांना रस्ताच नाही. टपाल, औषध, किराणा सारे लहान विमानाने यावयाचे. फेअरबँक्स धर्मप्रांतातील बहुतेक गावांत मिस्सा करावयास जाणारा धर्मगुरूही विमानानेच जातो. वाटेत डोंगर, खिंडी आणि क्षणात पालटणारी हवा. हवामान केंद्र मुके झाले, आणि तेथे दूरध्वनीच्या तारांतील बिघाडामुळे ती वारंवार मुकी होतात, तर वैमानिकास निघावे की थांबावे हे ठरविण्याचे साधनच उरत नाही.

तेथे १९९९ पासून प्रशासनाने एक निराळी तजवीज आरंभिली आहे. खिंडीखिंडींतून आणि धावपट्ट्यांपाशी कॅमेरे बसविले आहेत. आज अलास्कात अशी दोनशेहून अधिक ठिकाणे आहेत. दर काही मिनिटांनी नवे छायाचित्र येते आणि त्याच्या शेजारी त्याच जागेचे स्वच्छ दिवसाचे छायाचित्र ठेवलेले असते. त्यावर कोणता डोंगर किती मैलांवर आहे हे लिहिलेले असते. वैमानिक निघण्यापूर्वी दोन्ही चित्रे जवळजवळ ठेवतो आणि जुन्या निरीक्षकाप्रमाणेच पाहतो: जवळची टेकडी दिसते आहे, पलीकडचा डोंगर दिसत नाही.