१९१८ ची साथ : निवारणाचा इतिहास

जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्ल्युएन्झाची साथ आली. सप्टेंबरातील दुसरी लाट अधिक मारक ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू झाले. मानवी इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू १९३३ साली प्रथम सापडला. तोवर खात्रीचा उपाय असा नव्हताच.

मुंबईतील साथनिवारणाचा इतिहास मृदुला रमण्णा यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला आहे. सरकारी यंत्रणा अपुरी पडली, तेव्हा स्वयंसेवी संस्थांनी रुग्णांपर्यंत मदत पोहोचविली, हे त्यातून स्पष्ट होते. १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील दोन लाखांहून अधिक रहिवाशांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील होता. यास्तव या इतिहासाचे अध्ययन रत्नागिरीच्या अभ्यासकांनाही अगत्याचे आहे. केवळ सरकारी अहवालांवरून लिहिल्यास तो अपुराच राहील.