आडनावाने दिलेले आमंत्रण



आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो नावाचा परगणा असून कासलबार हे त्याचे मुख्य गाव. तेथे आमचे बिऱ्हाड झाल्यापासून ‘तुमच्या देशी पाहण्यासारखे काय?’ असे शेजारी मला वारंवार विचारीत. मी ताजमहालाचे नाव घेई. माणसे मान डोलावीत आणि विषय बदलीत. ताजमहाल त्यांना ठाऊक होता. मी मूळची कोठली, हे त्यांना ऐकायचे होते.

हे उमगले तेही त्यांच्याकडे पाहूनच. मेयो हा निघून गेलेल्या माणसांचा मुलूख. १८४१ च्या जनगणनेत तेथे सुमारे ३ लाख ८९ हजार वस्ती होती. पुढे बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, माणसे मेली, उरलेली देशांतरास लागली. २०२२ साली वस्ती भरली सुमारे १ लाख ३८ हजार. २०१३ साली आयरिश सरकारने देशांतर केलेल्यांच्या वंशजांना ‘द गॅदरिंग’ या नावाने वर्षभर घरी बोलावले. ते बोलावणे राजधानीपुरते नव्हते. खेडोपाडी एकेका आडनावाच्या कुळांचे मेळावे भरले.

येथे थोडे विषयांतर करते. कासलबारजवळच्या स्ट्रेड खेड्यात १८४६ साली मायकेल डेव्हिट जन्मला. खंड थकल्यामुळे त्याच्या कुटुंबास घराबाहेर काढण्यात आले होते. १८७९ मध्ये कासलबारातच ‘लँड लीग ऑफ मेयो’ ही कुळांची संघटना स्थापन झाली, तीमागे हाच पुरुष होता. १९०३ मध्ये किशिनेव येथे यहुद्यांची कत्तल झाली, तेव्हा तो स्वतः तेथे गेला आणि पाहिलेले ‘विदिन द पेल’ या ग्रंथात लिहून ठेविले. स्ट्रेडच्या जुन्या चर्चमध्ये आता त्याचे संग्रहालय आहे. आपल्यापैकी कोणी आमच्याकडे आलात, तर प्रथम तेथेच नेईन.

आता आपल्याकडे पाहा. आपले आडनाव हाच आपला पत्ता. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, अष्टमकर अष्टमीचे, किहीमकर किहीमचे. हल्ली मी शेजाऱ्यांना ताजमहाल सांगत नाही. मुंबईहून लाँचने मांडव्यास उतरा, असे सांगते. नवगावला जा, आपले पूर्वज गलबत फुटून जेथे किनाऱ्यास लागले असे परंपरा सांगते, तेथील स्मारक पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांना लोक ‘शनवार तेली’ का म्हणत, ते कोणास तरी विचारा. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ पाहा, मग रेवदंड्याचे बेथ एल. खंडाळ्यास एलियाहू हनाबीच्या टाप्याकडे जा आणि कोठे मलिद्याचे बोलावणे आलेच, तर पोहे-खोबऱ्याचे ते ताट मुळीच नाकारू नका. पावसाळा संपल्यावर जावे, एवढे बजावते. पावसात लाँचचा भरवसा नसतो.

हे ऐकून मात्र लोक खरोखर निघतात, आणि माझी चिंता तेथूनच सुरू होते. गेल्या हिवाळ्यात माझ्या सांगण्यावरून एक वृद्ध जोडपे कोकणात गेले. एका गावी (नाव सांगत नाही) प्रार्थनालयास कुलूप होते. चावी कोणाकडे, हे आळीत कोणासही सांगता येईना. दारावरची मेझुझा पाहून ते परतले. त्यांनी तक्रार केली नाही. ‘आमच्याकडेही अशी गावे आहेत,’ एवढेच म्हणाले, आणि ते मला तक्रारीहून अधिक लागले.

१९४८ नंतर आपलीही बहुतेक घरे इस्रायलला गेली. उरलेल्यांवर सर्व भार टाकणे बरे नव्हे, हे मी जाणते. परंतु कुलपाशेजारी एक पाटी, तीवर चावी सांभाळणाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक, एवढे तर होऊ शकेल? पाटीचा खर्च मी देईन.

येत्या हनुक्काच्या सुमारास कासलबारहून आणखी दोन कुटुंबे येत आहेत. त्यांना कोणत्या गावी कोणाला भेटा म्हणून सांगू, ते आज येथून उठण्यापूर्वी मला आपण लिहून द्यावे.